गालाच्या हाडातले दात

सोफे बनवणाऱ्या त्या गृहस्थाला सारा बाजार खिळेमास्तर म्हणायचा. मूठभर बारीक खिळे तोंडात भरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने उचलून ठोकायचा, ही त्यांची ऐट. गिऱ्हाईक बघत असेल तर ऐट दुप्पट. कव्हरं मागच्या खोलीत त्यांची बायको शिवायची. तिच्याकडे बघायला कोण थांबतंय?

तिच्या दाढा केव्हाच गेल्या होत्या. पुढच्या दातांनी कुरतडत जेवायची आणि सगळ्यांच्या मागून उठायची. विषय काढला की मास्तर म्हणायचे, "बघू पुढे." मग मास्तरांचेच वरचे दात एकेक करून पडले, तोंडाचं बोळकं झालं, आणि घरावर आभाळ कोसळलं. कवळी आणली, तर ती खिळ्यांसकट गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडली. जन्मभर दुसऱ्यांच्या कवळ्यांना खदाखदा हसलेला माणूस!

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वरच्या जबड्याचं हाड पार झिजलंय, नेहमीचे स्क्रू त्यात धरणार नाहीत. टायटॅनियम धातूचे लांब स्क्रू हिरडीतून वर नेऊन थेट गालाच्या हाडात बसवायचे आणि त्यांच्यावर दातांची अख्खी पट्टी. असं क्वचितच कुणाला करावं लागतं. हे शेवटचं वाक्य मास्तरांना फार आवडलं. दुखणंसुद्धा चारचौघांसारखं नको, अशी काही माणसं असतात.

भूल द्यायच्या आधी त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. "माझं झालं की लगेच तुझं. शब्द देतो." घाबरलेला माणूस काय वाटेल ते देतो. तिने मात्र तो शब्द मनात जपून ठेवला आणि पुढे कित्येक दिवस त्यांचं जेवण वाटून, गाळून त्यांच्यापुढे ठेवलं.

"तोंडात खिळे अजिबात धरायचे नाहीत," बाईंनी बजावलं होतं. मास्तरांनी नंदीबैलासारखी मान हलवली. दुकानात आल्यावर मात्र जो दिसेल त्याला, "गालाला हात लावून बघा, आत टायटॅनियम आहे!" शेवटी एक गिऱ्हाईक सहज बोलून गेलं, "मास्तर, आता खिळ्यांचा खेळ बंद वाटतं?"

झालं! मूठभर खिळे तोंडात गेले. बायको आतून धावत आली. "अहो, बाईंनी काय सांगितलंय?" त्यांनी नुसता हात वर करून तिला गप्प केलं. पाचव्या-सहाव्या खिळ्याला एक पट्टीखाली अडकला. शहाण्याने तो कशाने काढावा? सोफा शिवायच्या वाकड्या सुईने! रक्ताने ओठ माखले, तरी गिऱ्हाइकापुढे हसत होते. तिला त्यांची लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला.

गाल टम्म सुजल्यावर स्वारी दवाखान्याच्या खुर्चीत. बाईंनी आत बघून कपाळाला हात लावला. हिरडीत पू झाला होता, पट्टीला तडा गेला होता. "आज यात हात घालता येणार नाही. आधी औषधाने पू उतरू दे. मग पट्टी काढून सगळं पुन्हा बघावं लागेल."

मास्तर कण्हत बायकोकडे वळले. "अगं, मग तुझं तूर्त राहू दे. तुला काय, सवयच झालीय."

ती त्यांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. मग बाईंना म्हणाली, "म्हणजे आज ही खुर्ची रिकामीच ना?"

"हो, यांची वेळ आहे, पण..."

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली.

इतक्या वर्षांत हा सूर त्यांनी ऐकला नव्हता. ते उठले. तिने हातातली पिशवी त्यांच्याकडे दिली आणि खुर्चीत मागे टेकून तोंड उघडलं. बाईंनी तपासलं, फोटो काढला, तो दिव्यासमोर धरला.

"तुमचं हाड मजबूत आहे हो. तुम्हाला गालापर्यंत जायची गरजच नाही. अगदी साधे स्क्रू पुरतील."

"साधेच बसवा, बाई," ती म्हणाली. "पण सुरुवात आजच करा."