तिचा पायगुण

त्या दिवशी दुपारी मी आन् माझ्या बायकोनं मिळून संघाच्या जर्श्या पिळल्या. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. तिच्या हातात जोर राहिला न्हवता, तरी मलाच म्हणायची, "नीट पिळा की. घड्याळाला चावी देताय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी संघाचा शेवटचा सामना होता. मग संघ बंद.

दोरीवर जर्शी टाकता टाकता ती म्हणाली, "उद्या मी बी येते बघायला."

मी पुढची जर्शी झटकली.

"आता संघच बुडायलाय. माझ्या पायानं आणखी काय बुडंल?"

असं का म्हणाली ते सांगतो. लपवून काय करू?

हा कबड्डीचा संघ बेंबळीकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांनी काढला. ढेकळं फोडून मैदान केलं. बक्षीस म्हणजे ढाल आन् नारळ. मी सामान सांभाळायचो, ती भाकऱ्या करायची. लोहाऱ्याला, परंड्याला एसटीनं जायचो. पुढं एका साखर कारखान्यानं पोरांना पगारावर घेतलं. मग पुण्याची कंपनी आली, मातीवर मॅट आली, बाहेरचे खेळाडू आले, संघाला जिल्ह्याचं नाव लागलं. माणसं बदलली, भाकऱ्या तिच्याच हातच्या. शेवटी कंपनीलाच संघ नको झाला.

मातीच्या दिवसांत एकदा अंतिम सामन्याला ती डबा घेऊन मैदानात आली. आम्ही पुढं होतो. ती आली आन् आमचा चढाईवाला पकडला गेला, पाठोपाठ सगळी पोरं बाद होऊन लोण चढला. एका गुणानं हरलो. कुणीतरी चेष्टेनं म्हणलं, "वहिनीचा पायगुण!" पोरं हसली. ती बी हसली. मी हसलो न्हाय. घरी येऊन म्हणालो, "परत मैदानात पाय टाकायचा न्हाय."

तिनं टाकला न्हाय. मैदान घरापासून हाकेवर. नुसता गलका ऐकून कोण जिंकलं ते ओळखायची. त्यानंतर आम्ही लई वेळा हरलो, ती घरात चुलीपुढं असताना. तरी मी शब्द मागं घेतला न्हाय. कसला माणूस म्हणायचा मी?

त्या दिवशी मात्र म्हणालो, "चल. पुढं बसवतो तुला."

"पुढं नको. बायकांत बसते. तुमच्याजवळ बसले आन् पोरं हरली, तर परत माझ्यावर घ्याल."

हसत हसत चहा टाकायला आत गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. मी वरडलो, "काय सांडलंस?" आत गेलो तर ती आडवी. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

दिवस मावळायच्या आत तिला नेलं. खांदा संघाच्या पोरांनी दिला. तिच्या हातची भाकरी खाणारी पोरं, हुंदके देत चालली होती. कप्तान म्हणाला, "मामा, उद्या आम्ही खेळत न्हाय."

"खेळा," मी म्हणालो. "तिला सामना बघायचा होता."

सकाळी उठलो, अंगावर पाणी घेतलं आन् निघालो. बहीण दारात आडवी आली. "दादा, सुतक हाय. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणले तेच ऐकलं की एकदा. सरक."

मैदानात बायकांच्या बाजूला, कडंला, कुणाला शिवणार न्हाय असा बसलो. एका म्हातारीनं ओळखलं. पोत्याचा तुकडा माझ्याकडं सरकवला. शेवटच्या शिट्टीपर्यंत बसलो. तिथनं मैदान चांगलं दिसतं.

आम्ही हरलो.

पोरं खाली मान घालून माझ्याकडं आली. मी उभा राहिलो आन् सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणालो, "तिच्या पायात काही वाईट न्हवतं. माझ्या तोंडात होतं."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना काय कळणार? त्यातलं एक बी मातीच्या दिवसांतलं न्हवतं.