दोन हजार रोपं आणि टिटवी

बेटावरच्या बारा पोरापोरींना 'निसर्गरक्षक' करून नोकरीला लावायचं, असं किनाऱ्यापलीकडच्या एका संस्थेनं ठरवलं, तेव्हा टिटवीनं सगळ्यांच्या आधी नाव घातलं. टिटवी हे तिचं शाळेत पडलेलं नाव. काही चुकीचं दिसलं की तिला गप्प राहवत नसे. आई लहानपणीच गेली, वाढवलं आत्यानं. आत्या खाडीच्या चिखलात शिंपले वेचायची. तिच्यामागे फिरून फिरून भरती कुठवर चढते, कुठल्या चिखलात झाड तग धरतं, हे पोरीला तोंडपाठ झालं होतं. त्याचीच नोकरी मिळणार म्हटल्यावर ती हरखून गेली.

वर्ग बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर भरे. खाली यंत्र सुरू झालं की पडद्यावरचं चित्र अंधुक व्हायचं. संस्थेचे समन्वयक साहेब सकाळच्या बोटीनं येत. त्यांना बोट लागायची, त्यामुळे पहिला तास डोकं धरून बसण्यात जाई. मग ते समुद्र म्हणजे काय ते समजावून सांगत. तीन आठवडे 'माझा समुद्र' हे चित्र काढण्यात गेले. दहा वर्षं जाळी ओढलेल्या एका गड्यानं कंटाळून नुसती निळी रेघ मारली. साहेबांना तिच्यात खोल जाणीव दिसली.

चौथ्या आठवड्यात खारफुटी लावायची ठरली. जागा साहेबांनी निवडली, धक्क्याशेजारी. पाहुणे बोटीतून उतरले की संस्थेचा फलक तिथं बरोबर समोर दिसे. टिटवी म्हणाली, इथं लाटांचा थेट मारा आहे, रोपं आठवडाभरही टिकायची नाहीत. खाडीच्या वळणावर लावू. साहेबांनी तिचं कौतुक केलं. स्थानिक ज्ञान हा तर प्रकल्पाचा पाया, म्हणाले. वहीत टिपूनही घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन हजार रोपं धक्क्याशेजारीच लावली. फोटो झकास आले.

पुढच्या उधाणात बहुतेक रोपं उपटून गेली. किनाऱ्याला लागलेली रोपं आत्या-भाचीनं पाट्या भरभरून गोळा केली आणि वळणावर नेऊन खोचली. शिकवणारे दमले असतील, आपण निस्तरू, असं आत्या गुडघाभर चिखलात पुटपुटत होती.

शेवटची परीक्षा म्हणजे धक्क्याजवळची जगलेली रोपं मोजणं. टिटवीनं मोजली, एकेचाळीस भरली. साहेबांनी तिला बाजूला घेतलं.

"एक हजार नऊशे लिही. अहवाल कधीच गेलाय."

"मग मोजायला कशाला लावलंत, सर?"

"अनुभव म्हणून."

तिनं एकेचाळीसच लिहिली. अकरा जणांना प्रमाणपत्रं मिळाली. तिचं म्हणे छपाईत अडकलं. ती पुन्हा शिंपले वेचू लागली. शेजारणीच्या भिंतीवरचं चौकटीतलं प्रमाणपत्र दिसलं की ती तोंड फिरवायची.

दीड वर्षानं प्रकल्पाला निधी देणाऱ्यांच्या तपासनीस बाई येणार असं कळलं. साहेब धावत आत्याच्या दारात आले. वळणावरची झाडं प्रकल्पाची आहेत एवढंच टिटवीनं बाईंना सांगायचं होतं. पिशवीतून त्यांनी प्रमाणपत्र काढलं, प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं.

आत्या भाचीला म्हणाली, "घे की, तुझंच आहे. तोंड मात्र तुझं तू वापर."

वळणावर झाडं कमरेएवढी झाली होती. बाई हरखल्या, साहेबांचं अभिनंदन करू लागल्या. टिटवी म्हणाली, "प्रकल्पाची रोपं धक्क्याजवळ होती, बाई. ती वाहून गेली. ही आम्ही दोघींनी गोळा करून लावलीत."

साहेब चिखल न्याहाळत उभे राहिले.

बाई रागावल्या मात्र नाहीत. इतका प्रांजळपणा त्यांनी कुठल्याच प्रकल्पात पाहिला नव्हता. 'अपयशातून शिकवण' नावाचा दुसरा टप्पा मंजूर झाला. अपयशाचा दांडगा अनुभव असल्यानं प्रमुखपदी साहेबांनाच बढती मिळाली, आणि ते त्यावर गावोगावी व्याख्यानं देऊ लागले. बाईंनी अट एकच घातली होती, जागा टिटवी ठरवेल. म्हणून तिला अकरा महिन्यांच्या करारावर प्रशिक्षक नेमलं. आत्याला गळ्यात घालायला 'ज्येष्ठ ज्ञानवाहक' असं ओळखपत्र मिळालं. चिखलात उतरताना ती ते काढून झुडपाला अडकवते.

नव्या तुकडीला टिटवीनं पहिल्याच दिवशी ओहोटीला खाडीत नेलं आणि भरतीचं पाणी गुडघ्याला लागेपर्यंत उभं केलं. मग मुलांनीच बोट दाखवून सांगितलं, कुठं लावायचं आणि कुठं नाही. संध्याकाळी साहेबांचा तक्ता भरायचा होता. 'आज काय साध्य झालं' या रकान्यात तिनं लिहिलं, 'पाय भिजले.'