वळणावरचा तीस

वेगमर्यादेचे फलक लावणं आणि काढणं, हे काकांचं एकतीस वर्षांचं काम. मी रस्ते खात्यात तात्पुरती टंकलेखक म्हणून लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "शिक्षण काय?"

"साहित्य."

"अरे वा, कवीबाई! आमच्याकडे फक्त आकडे हो. तीस, पन्नास, सत्तर."

तिथून मैत्री झाली.

उतरवलेले फलक काका गोदामात भिंतीला टेकवून ठेवत. दुपारी झरोक्यातून ऊन आलं की ते एकेक करून उजळत, झोपेत कूस बदलल्यासारखे, आणि पुन्हा विझत. आम्ही तिथे बसून डबा खायचो. फारसं बोलायचो नाही. एकदा काका म्हणाले, त्यांना स्वप्नात एक लांबलचक रस्ता दिसतो आणि त्यावर एकही आकडा नसतो. "मग गाड्या किती वेगाने जातात?" मी विचारलं. "जातच नाहीत. सगळे उतरून चालत असतात."

एक सरकार यायचं आणि म्हणायचं, वाहनचालकांची अडवणूक थांबवा. तीसचे पन्नास व्हायचे. दुसरं यायचं आणि म्हणायचं, जीव महत्त्वाचा. पन्नासचे तीस व्हायचे. काका तीच शिडी, तोच पाना घेऊन निघायचे.

"मतमोजणी सुरू झाली की मी पाना पुसायला घेतो," ते म्हणायचे. "शपथविधीची वाट कोण बघतो!"

शाळेजवळच्या वळणावरचा तीस मात्र सव्वीस वर्षांत हलला नव्हता. दर वेळी अहवालात एकच मजकूर जायचा : 'बोल्ट गंजले आहेत. फलक निघत नाही.' शेवटच्या अहवालात तो मीच टाइप केला होता, काकांनी सांगितला तसा. मला आवडला होता. एकही शब्द जास्तीचा नाही.

त्या वळणावर काकांच्या धाकट्या बहिणीचं वह्या-पेनांचं दुकान आहे. गल्ल्याशेजारी तिची कुबडी टेकवलेली असते. तिनेच मला सांगितलं होतं. काका नोकरीत नवे असताना सरकार बदललं, आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी तिथला तीस काढून पन्नास लावला. अकराव्या दिवशी ती शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडत होती. नववीत होती.

"गाडीवाल्याची चूक नव्हती गं," ती म्हणाली. "पन्नासच्या आतच होता. नियमात होता बिचारा."

पुढच्या सरकारने तीस परत आणला. तो काकांनीच लावला.

यंदा पुन्हा सरकार बदललं. इंजिनिअर मॅडम नव्या होत्या, जुन्या फायली वाचणाऱ्या. "सव्वीस वर्षं एकच बोल्ट गंजतोय? चला, कटर घ्या." नोंद करायला मला सोबत नेलं. काका गाडीत मागे बसले. वाटभर खिडकीबाहेर बघत राहिले.

मॅडम स्वतः शिडी चढल्या. कटर पेटवण्याआधी त्यांनी एकदा पाना लावून पाहिला.

बोल्ट फिरला. लोण्यातून सुरी फिरावी तसा.

मॅडमनी बोट पाहिलं. काळं, ओलं ग्रीस. ताजं.

"काका, हा गंजलाय?"



दुकानातून बहीण म्हणाली, "सांग की आता. दर सहा महिन्यांनी डबी घेऊन येतोस. मला आपलं वाटायचं, भाऊ माझ्यासाठी येतो."

"मॅडम," काका म्हणाले, "बोल्ट गंजू देणं नाही जमलं. हातच ऐकत नाहीत."

"आणि खोटं लिहिणं जमलं?"

"लिहिलं या कवीबाईंनी."

बहीण हसली. मी नाही. माझ्या हातातली वही मला एकदम परकी वाटली.

मॅडम शिडीवरून खाली उतरल्या. मग म्हणाल्या, "आदेश आहे, काका. माझ्या हातात काही नाही."

पन्नास काकांनीच लावला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तेवढ्यात शाळेची घंटा झाली. फाटकातून मुलं बाहेर सांडली. काकांनी उतरवलेला तीस उचलला, छातीशी धरला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. वळणावरून पहिली गाडी आली. मंदावली. मग मागची. सगळं पाण्याखाली चालल्यासारखं हळू झालं. मुलं पलीकडे गेली, आणि शेवटचा एकजण बुटाची नाडी बांधायला मध्येच वाकला, तर त्याच्यासाठीही गाड्या थांबल्या. मॅडम गाडीच्या दाराला हात लावून उभ्या होत्या. त्यांनी दार उघडलं नाही.

परतताना त्यांनी मला अहवाल सांगितला. 'फलक बदलला.' गंजाचा उल्लेख नव्हता.

पुढच्या महिन्यात काका निवृत्त झाले. तो तीस गोदामात नाही. कुठे आहे ते सगळ्या खात्याला ठाऊक आहे. रोज शाळा भरताना आणि सुटताना काका तो घेऊन वळणावर उभे असतात.

"दादा, खांबाला पगार नसतो हं," बहीण दुकानातून ओरडते. "टेक जरा."

काल मी त्यांच्याशेजारी उभी राहिले.

"किती दिवस धरणार, काका?"

"सरकार बदलेपर्यंत."

"आणि तेव्हा पन्नासचा बोल्ट निघाला नाही तर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते दुखावलेले दिसले.

"निघेल," ते म्हणाले. "परवाच ग्रीस घातलंय."