डाव्या पायाचं पेडल

इंदापुरात मी ती गाडी घेतली तेव्हा तिला क्लचचं पेडलच नव्हतं. दोन माणसांची, उघड्या टपाची, वयानं माझ्याहून थोडी मोठी असलेली विलायती स्पोर्ट्स कार. गिअरच्या दांड्यालगत एक पोलादी लिव्हर बसवलेली होती. ती बोटांनी आवळली की क्लच दबायचा. डाव्या पायाला काही कामच नव्हतं.

विकणारी बाई पन्नाशीची, साधारण माझ्याच वयाची. गाडी तिच्या थोरल्या भावाची. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. दादा तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, आणि तिला आठवतंय तेव्हापासून तो डावा पाय ओढतच चालायचा. म्हणून ही सोय, असं तिनं सांगितलं. सह्या झाल्यावर तिनं एकच गोष्ट मागितली. गाडीत हवे ते बदल करा, पण लिव्हर काढणार असाल तर आधी मला सांगा. भावाची आठवण म्हणून सांगत असेल, असं समजून मी हो म्हटलं.

मी जनावरांची डॉक्टर. बारामतीत दवाखाना आहे आणि आठवड्यातले तीन दिवस गावोगाव फिरणं. या गाडीतून गोठ्यावर गेलं की लोक आधी गाडी बघत, मग मला म्हैस दाखवत. लिव्हरची सवय चार दिवसांत झाली. उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जातानाही हात आपोआप आवळला जायचा.

तिसऱ्या महिन्यात डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. कऱ्हाटीहून परत आले की पाच-दहा मिनिटं पाय टेकवता यायचा नाही. पुढे मुंग्याही थांबल्या आणि नुसता जडपणा राहिला. बैलाच्या पायात जाणीव आहे का ते बघायला आम्ही खुरांमधली कातडी चिमट्यानं दाबतो. एका दुपारी दवाखान्यात दार लावून मी तोच चिमटा स्वतःच्या डाव्या पायाच्या बोटांमध्ये लावला. दाबत गेले. कातडी पांढरी पडलेली दिसत होती, पण दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नसा तपासल्या आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. एका जागी फार बसता, म्हणाले.

गाडीचे ब्रेक तसेही बघायचे होते. माळेगावात एक तात्या आहेत, सत्तरीचे, साखर कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले. घरामागच्या शेडमध्ये त्यांचं लेथ मशीन आहे आणि जुन्या गाड्यांचं काम ते आवडीनं करतात. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवावेत, इग्निशन नवं घ्यावं, असं ते सांगत होते आणि मी कां-कू करत होते. जुनी गाडी आहे तशी ठेवावी असं माझं मत. तिचं एकेक हाड बदलत गेलं तर शेवटी तिच्यात जुनं काय राहणार? लिव्हरचा तर मला अभिमानच वाटायचा. कंपनीनं दिलेली नसली तरी ती गाडीच्या आयुष्याचाच भाग होती.

तात्यांनी वाकून लिव्हर पाहिली आणि खालच्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"ही मीच केलीया," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्सं तरी झाली. कारखान्यात नवीन लागलो हुतो तवा."

मी म्हटलं, पाय अधू असलेल्या माणसासाठी चांगलं काम केलंत.

तात्यांनी लिव्हर एकदा आवळून सोडली. मग म्हणाले, "तवा त्येचा पाय अधू नव्हता, बाई. दोन धडक्या पायांनी चालत आला हुता. ह्या गाडीत बसलो की डावा पाय झोपतो, म्हणला. म्हणून लिव्हर पाहिजे हुती."

मी माझ्या पायाबद्दल कुणाला काही बोलले नव्हते. तात्यांनाही नाही. ब्रेकची पाइप कुठून जाते ते बघायला त्यांनी चालकाच्या बाजूचं रबरी मॅट उचललं. खालचा पत्रा रंगवलेला, काळा. पण जिथं कधीकाळी क्लचचं पेडल असणार त्याच्या बरोब्बर खाली रंग उडून पत्रा चकचकीत झाला होता. एक टाच आणि तिच्यापुढे चवडा. मॅटही आतून तेवढ्याच जागी झिजलं होतं. अधू पायानं वर्षानुवर्षं तिथं काय दाबलं असेल, हे तात्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

शब्द दिला होता, म्हणून पुढच्या आठवड्यात इंदापूरला गेले. दादाच्या बहिणीला सगळं सांगितलं, चिमट्याचंसुद्धा. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, जरा फिरवून आणा मला. ती शेजारी बसली. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर मी दोन-तीनदा गिअर बदलले. ती रस्त्याकडे बघतच नव्हती, खाली बघत होती.

"गाडी थांबवा," ती म्हणाली. "तुमचा पाय दाबतोय, डॉक्टरबाई. हात लिव्हरला लागायच्या आधी पाय दाबतोय."

मी खाली पाहिलं. डावा पाय पत्र्यावर घट्ट रोवलेला होता. मला त्याची काहीच जाणीव नव्हती.

मग तिनं ते सांगितलं, जे विकताना सांगितलं नव्हतं. दादा गेल्यावर गाडी शेडमध्ये बंद होती. रोज सकाळी नऊला, त्याच्या निघण्याच्या वेळेला, तिला शेडमधून लिव्हर सुटल्यासारखा खट आवाज यायचा. उन्हानं पत्रा तापत असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. पण पावसाळ्यात, ढग असतानाही तो आवाज नऊलाच यायचा.

लिव्हर काढू का, मी विचारलं.

"काढा," ती म्हणाली. "दादा रागवायचा न्हाय. तुमचा पाय जायला नको."

तात्यांनी तीन आठवडे घेतले. लिव्हर काढली, पेडल बसवलं, डिस्क ब्रेकही बसवले. आता मी कशालाच नाही म्हटलं नाही. काढलेली लिव्हर मी बहिणीला नेऊन दिली. तिनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली. माझा पाय दीड महिन्यात पूर्ण बरा झाला. चिमटा लावला तर आता ओरडायला होतं.

त्यानंतर एकदा निमगाव केतकीतून येत होते. बाजाराचा दिवस, रस्त्यावर माणसं, टेम्पो, मधेच उभी राहिलेली एसटी. थांबत थांबत चालले होते. पहिला गिअर टाकायला डावा पाय उचलला आणि खाली नजर गेली. पाय पोचायच्या आत पेडल बोटभर खाली गेलं होतं. पुढच्या वेळीही तसंच. गाव संपेपर्यंत मी मोजलं, नऊ वेळा.

तात्यांनी केबल सोडून पुन्हा बांधली आणि स्प्रिंग बदलली. "स्प्रिंग पेडलाला वर ढकलती," ते म्हणाले, "खाली न्हाय." मग हात पुसत त्यांनी विचारलं की पाय आता कसा आहे. चांगला आहे, मी म्हटलं. तर मग राहू दे, म्हणाले.

गाडी मी अजून चालवते. पाय एकदाही झोपला नाही. गिअर बदलायचा असला की डावा पाय मी पेडलवर लगेच ठेवत नाही, थोडा वेळ जाऊ देते.