दम कमी म्हणजे काय, डॉक्टर?

साळवेबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी वॉर्डात ओपीडीआधीचा सकाळचा राऊंड घेत होतो. त्यांच्या मुलीचा, संगीताचा फोन होता. "काका, आई गेली. चहा ठेवायला उठली आणि तिथंच..." एवढं बोलून ती थांबली. मग ती म्हणाली, "आई सांगून ठेवायची, माझं काही झालं तर डॉक्टरांना ओपीडी संपल्यावरच कळवायचं. पण मला राहवलं नाही." हे ऐकल्यावर मला भर वॉर्डात भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागलं. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. त्यांच्याविषयी काही लिहावं असं संगीताच म्हणाली. मी रोज उद्यावर ढकलत होतो, कारण बाईंविषयी खरं लिहायचं तर माझ्याविषयीही खरं लिहावं लागणार होतं.

श्रीगोंद्याकडच्या आमच्या रुग्णालयात बाई आधी नर्स होत्या. गुडघे बोलायला लागले तशी त्यांची बदली जुन्या केसपेपरांच्या खोलीत झाली. पुढे विश्वस्तांच्या मनात आलं की आपल्याकडेही संशोधन व्हावं. मोठ्या शहरातल्या रुग्णालयांत होतं, मग इथं का नाही? विचार चांगला होता, पण करणार कोण? आम्ही डॉक्टर मंडळी सकाळी नऊला ओपीडीत शिरायचो ते तीन वाजता मान वर करायचो. तेव्हा ते गळ्यात पडलं साळवेबाईंच्या. केसपेपरांच्या खोलीवर 'रिसर्च विभाग' अशी पाटी लागली. पेशंटना तो शब्द काही झेपेना. बाई त्यांच्यासाठी 'रिचार्जवाल्या बाई' झाल्या आणि पहिले काही दिवस लोक खरोखरच मोबाईल घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. बाई कुणाला हसल्या नाहीत. "बस बाबा, रिचार्ज न्हाई माझ्याकडं, पन दमा हाय का तुला?" असं विचारून त्यांनी त्यांतल्या एकदोघांना माझ्याकडे तपासायलाही धाडलं.

संशोधन म्हटलं की आम्ही सगळे एकच कारण पुढे करायचो, वेळ नाही. बाईंनी त्यावर वाद घातला नाही. मुख्य डॉक्टरांच्या मागे लागून लागून त्यांनी गुरुवारची दुपार मोकळी करून घेतली. ज्याला काही शोधायचं आहे त्यानं गुरुवारी बाईंच्या खोलीत बसायचं आणि त्याची ओपीडी दुसऱ्यानं बघायची. कोण कुणाची ओपीडी बघणार याची यादी बाई स्वतः करत आणि ती मोडली की त्या माणसाशी दोन दिवस बोलत नसत. संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचे कागद, पेशंटची संमती, फॉर्म, सगळं त्या बघायच्या. संमतीचा कागद वाचून दाखवताना त्या बायकांजवळ बाकावर बसत आणि शेवटी म्हणत, "न्हाई म्हनलीस तरी औशद मिळनारच हाय. सांग आता." आम्हा डॉक्टरांना त्यांचं सांगणं वेगळं असे. डोक्यातला प्रश्न कागदावर उतरेपर्यंत निम्मा बदलतो, तेव्हा उतरवताना घाई नको. माझ्या तर हाडीमासी घाई आहे, त्यामुळे हा उपदेश मला वारंवार मिळे.

माझा प्रश्न साधा होता. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांना छातीचा त्रास होतो. त्यांना औषधाबरोबर श्वासाचे व्यायाम शिकवले तर त्यांचा दम कमी होतो का? दर महिन्याला त्या तपासणीला आल्या की विचारायचं, 'दम कसा आहे?' आणि तीन चौकटींपैकी एकीत खूण करायची, कमी, तेवढाच किंवा जास्त. हा फॉर्म मी एका बैठकीत लिहिला. बाई म्हणाल्या होत्या, एकदा चार बायकांना विचारून बघू या. मी म्हणालो, एवढ्या सोप्या प्रश्नात काय बघायचंय? खुणा भराभर पडत गेल्या. कमी, कमी, कमी... मला आकाश ठेंगणं झालं. पुण्याच्या परिषदेत माझा निबंध स्वीकारला गेला. मी ते बायकोला, विश्वस्तांना, दिसेल त्याला सांगून बसलो होतो.

आणि एक दिवस याच बायकांमधल्या गयाबाईंना उचलून आणलं. ओठ निळे, वाक्य पुरं होईना. आदल्याच महिन्यात माझ्याच हातानं मी त्यांच्या फॉर्मवर 'कमी' अशी खूण केली होती आणि बरं वाटतंय म्हणून पुढची तारीख लांबची दिली होती. मी सुनेवर डाफरलो, इतकं होईपर्यंत थांबलात कशाला? ती बिचारी घाबरून म्हणाली, "आमी सांगितलं हुतं की. आत्याबाई सोता म्हनल्या तुमाला, दम लई कमी झालाय. तवापासनं चार पावलं चालवत न्हाई त्यास्नी."

बाई तिथंच उभ्या होत्या. संध्याकाळी फॉर्मचा गठ्ठा घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि विचारलं, "दम कमी म्हणजे काय, डॉक्टर?"

"धाप कमी लागते."

"तुमच्या भाषेत. आमच्याकडं छातीत दमच उरला न्हाई, त्यालाबी दम कमी झाला म्हणतात. यातल्या कुणाचं कमी म्हणजे बरं आणि कुणाचं वाईट, सांगता येईल तुम्हाला?"

मला सांगता आलं नाही. म्हणून मी भांडायला लागलो. एका पेशंटवरून सगळं मोडीत काढता का, म्हणालो. बाई म्हणाल्या, "एकीचं कळलं म्हणून एक." समोर परिषद दिसत होती, लोकांना तोंड कसं दाखवायचं ते दिसत होतं. मी म्हणालो, "बाई, तुम्ही डॉक्टर नाही. हे तुमचं काम नाही." बाईंनी गठ्ठा उचलला आणि गेल्या. जाताना दार मात्र त्यांनी हळू लावलं. तो दाराचा आवाज मला अजून ऐकू येतो.

त्या रात्री मला काही झोप लागली नाही. सकाळी आलो तर टेबलावर त्यांच्या अक्षरात यादी होती. आठवडाभर माझी ओपीडी कोण बघणार ते, आणि खाली गावांची नावं. रुग्णालयाची जीप त्यांनी मागून घेतली होती. शेवटी एकच ओळ होती, 'जायचं का नाही ते तुम्ही ठरवा.'

मी गेलो. आठवडाभर आम्ही दारोदार फिरलो. आता प्रश्न बाईंचा होता. हापशावरून हंडा आणताना आधी कितीदा थांबायचीस, आता कितीदा थांबतेस? काही जणींना खरंच आराम पडला होता. पण बऱ्याच जणी होत्या तिथंच होत्या आणि काही तर खालावल्या होत्या. त्यांच्या फॉर्मवर मी 'कमी' म्हणून खूण करून मोकळा झालो होतो. आठवडा संपेपर्यंत गयाबाईही दवाखान्यातून घरी आल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, माझी चूक झाली. त्यांनाच कानकोंडं झालं. "तुमी लई गडबडीत हुता, डॉक्टर. म्हनून म्या बी थोडक्यात सांगितलं." त्या पुढे चांगल्या सुधारल्या, पण त्या वाक्यानं माझी जी हजामत केली ती कुठल्या परीक्षकानं केली नव्हती. निबंध मी मागे घेतला. नंतर नव्या प्रश्नानं पुन्हा सुरुवातीपासून काम केलं. जे निघालं ते माफक होतं, पण खरं होतं.

माफी मी गयाबाईंची मागितली. साळवेबाईंची मागितली नाही. पुढे इतकी वर्षं आम्ही एकत्र काम केलं, त्यांच्या डब्यातली लसणाची चटणी मी हक्कानं संपवली, संगीताच्या लग्नात पंगतीला वाढलं. दर वेळी वाटायचं, आज बोलू. मग वाटायचं, आता जुनं कशाला उकरा, त्या विसरल्या असतील. मला ठाऊक होतं, त्या विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही. आता माफी मागायला माणूसच नाही, आणि याचं दुःख मला त्यांच्या जाण्याच्या दुःखापासून वेगळं काढता येत नाही.

त्या गेल्यानंतरच्या तिसऱ्या गुरुवारी मी त्यांच्या खोलीत गेलो. कुणी असेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे नवी आलेली डॉ. शेख तिथं एकटी फॉर्म पसरून बसली होती. मला बघून उभी राहिली आणि चाचरत म्हणाली, "सर, माझे काही फॉर्म चुकलेत. पेशंटना मी नीट विचारलंच नाही. परत घरी जाऊन विचारावं लागेल. पण सोमवारी माझी ओपीडी आहे..."

मी खुर्चीत बसलो आणि का कोण जाणे, जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्या पोरीला सांगून टाकलं. असंच माझंही चुकलं होतं, आणि बाईंना मी म्हणालो होतो, तुम्ही डॉक्टर नाही.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "गयाबाईंच्या वेळचं ना सर? ते आम्हाला माहीत आहे. बाई प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायच्या."

"काय सांगायच्या?"

"हेच की तुमचं चुकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाली आल्या तर तुम्ही त्यांच्याआधी जीपमध्ये जाऊन बसला होतात."

"आणि मी जे बोललो ते?"

"ते नाही सर. ते आत्ता तुमच्याकडूनच कळतंय."

मी बाईंच्या टेबलावरचा ओपीडीच्या यादीचा कागद ओढला आणि सोमवारच्या ओपीडीपुढे डॉ. शेखचं नाव खोडून माझं लिहिलं.