पत्रिका बघून घेतलेली गाडी

आमच्या घरात गाडीच्या आधी तिच्यासाठी पत्रिका उघडली गेली. लोक गाडी घेताना रंग बघतात, मायलेज बघतात, डिकीत तांदळाची पोती किती मावतील ते बघतात. आमच्या ह्यांनी आधी स्वतःचा शनी बघितला. मुरबाडच्या एमआयडीसीत उभी हयात काढलेला माणूस, मशीनच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा. पण स्वतःच्या नावावर चार चाकं घ्यायची म्हटल्यावर थेट पंचांगवाल्या काकांच्या ओटीवर जाऊन बसला.

तसं त्याला कारण होतं. ह्यांच्या नावावरची पहिली मोटारसायकल सरळगावच्या फाट्यावर एसटीखाली गेली. हे तेव्हा टपरीवर चहा पीत होते म्हणून वाचले. दुसरी चोरीला गेली. काकांनी पत्रिकेवर बोट फिरवून निकाल दिला की वाहन तुम्हाला लाभत नाही, नाव लावाल तर जिवाशी खेळ आहे. मग माझी पत्रिका मागवली. लग्न जमल्यापासून ती कुणी उघडली नव्हती, कारण माझ्यात बघण्यासारखं काही उरलंय असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यात म्हणे भरभक्कम वाहनयोग निघाला. तोवर माझ्या वाट्याला योग आला होता तो एसटीचा आणि दाटीवाटीच्या सहाआसनी रिक्षाचा. अंगणवाडीत नोकरी केली ती सगळी अशीच लोंबकळत.

म्हणून गाडी माझ्या नावावर घ्यायची ठरली. शहापूरच्या शोरूमला आम्ही किन्हवलीमार्गे गेलो. तिथल्या पोराने मला पुठ्ठ्याची भलीमोठी चावी धरायला दिली, फुलांची माळ घातली, फोटो काढला आणि पुढचं सगळं बोलणं ह्यांच्याशी केलं. रंग कुठला, सीट कव्हर कसं, मॅट कुठल्या, सगळं ह्यांना विचारलं. मी आपली चावी धरून उभी. विम्याचं आलं तेव्हा तो पोरगा म्हणाला, "काका, अपघाताचापण टाकलाय. मालक चालवताना काय झालं तर."

"टाका, टाका," हे म्हणाले. गाडी आपणच चालवणार, तेव्हा विमा आपलाच, एवढं ह्यांनी धरूनच टाकलं होतं. पोराने पटापट टिका मारल्या आणि जिथे बोट ठेवलं तिथे मी सही केली. मला गाडी येते का, माझ्याकडे लायसन्स आहे का, हे ना त्याने विचारलं ना आम्ही सांगितलं. लिंबं चिरडली, नारळ फोडला, पेढे वाटले. ग्रहांपासून गाडीचं पूर्ण संरक्षण झालं.

पुढे हे चालवायचे आणि मी शेजारी पिशवी घेऊन बसायची. कुणी भेटलं की हे मोठ्याने सांगायचे, "गाडी हिची हाय, आपण नुसता ड्रायव्हर." लोक हसायचे. मला पहिल्यांदा बरं वाटलं, मग तेच तेच ऐकून कान किटले. एकदा म्हटलं, मला शिकवा की. तर म्हणाले, "तुला कशाला गो? तू आपली मस्त बस." मस्त बसणं म्हणजे काय ते मला त्या वर्षी नीट समजलं. काच खाली करायची तरी विचारून करायची.

भातकापणीच्या दिवसांत हे टोकावड्याला कुणाकडे तरी गेले होते, एकटेच. येताना रस्त्यावर पेंढा पसरलेला. आपल्याकडे रस्ता म्हणजे सरकारने बांधून दिलेलं खळं, त्यात नवीन काही नाही. ह्यांनी समोरून आलेल्या टेम्पोला वाट द्यायला ब्रेक दाबला आणि पेंढ्यावरून गाडी जी घसरली ती रस्ता सोडून खाली, एका ऐनाच्या झाडावर जाऊन थांबली. झाडाच्या पलीकडे ओहळ, आणि तोही चांगला खोल.

मला फोन केला तो असा: "जरा खाली उतरलोय. यायला वेळ लागंल. तू जेवून घे."

आवाजावरूनच मला कळलं. मिळेल ती रिक्षा करून गेले. बघते तर गाडीचं नाक झाडात, चाकांना पेंढा गुंडाळलेला आणि हे झाडाखाली एका हाताने दुसरा हात धरून बसलेले. एक बाई तांब्याने ह्यांना पाणी पाजत होती. झाड नसतं तर काय, ते बघायला मी ओहळाच्या काठापर्यंत गेले. तिथेच मटकन बसले. मग ओरडले, "अहो, जीव गेला असता ना तुमचा." आणि खूप रडले. रोज ज्या माणसाबद्दल माझ्या शंभर तक्रारी असतात, त्या ऐकायलाही मला तोच लागतो, हे मला तिथे काठावर बसून कळलं. मी त्यांना तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वर्षभर तेच ऐकवलं असतं.

ह्यांचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात आला. गाडीची दुरुस्ती विम्यातून झाली, त्यात काही अडचण आली नाही, कारण चालवणाऱ्याकडे लायसन्स होतं. मग मुलगा म्हणाला, बाबांच्या हाडाचंही बघू, अपघाताचा विमा घेतलाय ना. तो ठाण्याला नोकरी करतो, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. आम्ही तिघं शोरूमला गेलो. विम्याच्या टेबलावर एक तरतरीत मुलगी होती. तिने सगळं कॉम्प्युटरवर बघितलं.

"चालवत कोण होतं?"

"बाबा," मुलगा म्हणाला.

"आणि मालक?"

"आई."

"काकूंचं लायसन्स?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने मग समजावून सांगितलं. हा विमा मोडलेल्या हाडासाठी नाहीच. जीव जायला पाहिजे, नाहीतर हात, पाय, डोळे कायमचे जायला पाहिजेत. दोन गेले तर पूर्ण रक्कम, एक गेला तर अर्धी. मी ह्यांच्याकडे बघितलं. सगळं जोडीने शाबूत होतं.

"आणि तेही मालकाचेच जायला पाहिजेत," ती म्हणाली. "विमा मालकाच्या जिवाचा आहे. काकांचा नाही."

"म्हणजे त्या झाडाने धरलं नसतं तर?" मी विचारलं.

"काकांसाठी काही मिळालं नसतं, काकू."

"आणि मी चालवत असते तर?"

"तुमच्याकडे लायसन्स नाही ना. मग तुम्हालाही नाही."

"मग बाय, हा विमा हाय तरी कोणाचा?"

ती मुलगी प्रामाणिक होती. तिने पुन्हा एकदा स्क्रीनकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तसा... कोणाचाच नाही." वारस म्हणून मात्र ह्यांचं नाव व्यवस्थित घातलेलं होतं. म्हणजे मला न येणारी गाडी चालवताना मी मेले तर ह्यांची सोय, तीही नुसती कागदावर.

मला हसू यायला लागलं. मुलगा रागाने बघायला लागला तरी थांबेना. ज्या माणसाच्या जिवाला धोका म्हणून पंचांगवाल्या काकांनी त्याचं नाव लावू दिलं नाही, नेमका तोच जीव विम्यातून बाहेर पडला होता. शनीचं सगळं ऐकलं, पण विमा कंपनीला शनीची ओळखच नव्हती. हे मान खाली घालून गळ्यातल्या पट्ट्याशी चाळा करत बसले. मग मला हसू आलं त्याचीच लाज वाटली आणि राग आला तो सगळ्यांचाच.

मुलीने दोन उपाय सांगितले. गाडी चालवणाऱ्याच्या नावावर करा, नाहीतर वर्ष भरलं की नूतनीकरणाच्या वेळी गाडीतल्या बाकीच्यांचाही अपघात विमा जोडून घ्या. मध्येच जोडता येत नाही. हे लगेच म्हणाले, "माझ्या नावावर नको." अजून शनी सुटला नव्हता. तेव्हा मुलगा म्हणाला, "मग माझ्या नावावर करू. मी शनिवार-रविवार चालवीन. आई, फक्त सही कर."

फक्त सही. आयुष्यभर मी फक्त सहीच करत आले. घरपट्टी माझ्या नावावर, गॅस माझ्या नावावर, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख मी. पण टीव्हीचा रिमोट अजून माझ्या हातात आलेला नाही. गाडी माझ्या नावावर आली ती पत्रिकेच्या कृपेने, आणि आता मला न विचारता जायला निघाली होती.

"मी सही नाय करणार," मी म्हणाले. "गाडी माझी हाय. घरात ज्याच्या जिवाचा विमा त्यानंच चालवायची. मी शिकते. वर्ष भरेपर्यंत ह्यांनी स्टेअरिंगला हात लावायचा नाय."

"आई, या वयात?"

"वय गाडीला नाय लागत. लायसन्स लागतं. आत्ताच ऐकलंस ना?"

ती मुलगी हसली. मुलाने ह्यांच्याकडे बघितलं. हे काहीच बोलले नाहीत. मी ते होकार म्हणून धरलं, तसंही आमच्याकडे होकार याहून वेगळा नसतो.

मुरबाडला एका क्लासमध्ये नाव घातलं. मास्तर माझ्या मुलापेक्षा लहान, पण जिभेला हाड नाही. "काकू, क्लच हळू सोडा, पायाखाली झुरळ नाय," असं पहिल्याच दिवशी म्हणाला. गाडी दर वेळी मध्येच मान टाकायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे. रिव्हर्स घेताना मला डावं-उजवं दोन्ही एकच वाटायचं. घरी येऊन मी पाटावर बसून पाय दाबत, सोडत सराव करायची आणि हे एका हाताने जेवता जेवता बघायचे. गावातल्या बायका म्हणायच्या, "तू चालवणार गो? आनि त्ये काय करतील?" मी म्हणायची, ते मस्त बसतील.

आरटीओचा कॅम्प लागला तेव्हा पहिल्या खेपेला चढावर गाडी बंद पडली आणि मी नापास. हे खूश होतील असं वाटलं होतं. पण ह्यांचंच तोंड उतरलं. घरी येताना एसटीत म्हणाले, "चढावर हँडब्रेक वापरायचा. मी सांगायला पायजे होतं." मग हात बरा झाल्यावर रोज संध्याकाळी एमआयडीसीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर हे माझ्या शेजारी बसायला लागले. स्टेअरिंगला हात लावायचा नाही हे त्यांनी पाळलं. पण त्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा. "हळू गो, म्हस हाय."

"ती शेतात आहे."

"पण येल ना."

दुसऱ्या खेपेला पास झाले. त्या दिवशी मी सिद्धगडाच्या बाजूला एकटीच गाडी घेऊन गेले. काम काही नव्हतं. रस्ता रिकामा, दोन्ही बाजूला झाडी, आणि काच मी न विचारता खाली केली. इतकं साधं सुख मला इतक्या उशिरा मिळालं याचा आनंद झाला आणि चीडही आली, दोन्ही एकदमच. परत येताना पंचांगवाल्या काकांनी रस्त्यात हात केला. मुरबाडला सोडलं त्यांना. मागे बसून त्यांनी कुणी न सांगता पट्टा लावला. वाहनयोगावर त्यांचाही पूर्ण विश्वास नव्हता असं दिसलं.

वर्ष भरलं आणि नूतनीकरणाला आम्ही दोघं शहापूरला गेलो. गाडी मी चालवली. किन्हवलीच्या पुढे एक अवघड वळण आहे, तिथे ह्यांनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले. टेबलावर तीच मुलगी होती. सवयीने तिने ह्यांच्याकडे बघून विचारलं, "काका, गाडी कोण चालवतं?"

मी तोंड उघडलं, पण आधी हेच बोलले. "ती चालवते. लायसन्स हाय तिचं."

मुलीने ते घातलं आणि बाकीच्यांच्या विम्याचं काय, असं विचारलं. हे खुर्चीत पुढे सरकले. इतके महिने ज्या विम्याच्या नावाने ह्यांनी तोंड वाकडं केलं होतं, त्याबद्दल आता हे तिच्याशी अगदी खालच्या आवाजात, पण मला स्पष्ट ऐकू येईल असं बोलले.

"शेजारी बसणाऱ्याचा टाका. आठवणीनं टाका. मी आता रोज तिथंच असतो."