पेपरात नाव आणणारं ऑफिस

पीआरच्या ऑफिसात इंटर्न म्हणून राहून आलं की लोक विचारतात, "काय शिकलीस?" सांगायला बसलं की धडा काही आठवत नाही, किस्साच आठवतो. आणि एक सांगितला की त्याच्यामागनं दुसरा येतोच. माझ्याकडं आता इतके साचलेत की सुरुवात कुठनं करायची, हाच प्रश्न.

ऑफिस बेळगावात, खासबागला, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या. सुलभा मॅडम मालकीण. इंग्रजी प्रेस नोट त्या लिहायच्या, कन्नड बसवराज अण्णा, आणि मराठी मी. मी निपाणीची. आठवडाभर बेळगावात मावशीकडं राहायची, रविवारी घरी.

*

पहिल्याच रविवारी घरी गेले, तर बाबांचे बोरगावचे दोस्त आप्पा दारातच वाट बघत बसलेले.

"बाळ, पीआरच्या ऑफिसात लागलीस म्हणं. लई बरं झालं. माझा पीआर अडकलाय बघ."

आमच्याकडं पीआर म्हटलं की जागेचा उतारा. दुसरा पीआर कुणाला माहीत नाही. मी समजावून सांगितलं, "आप्पा, ते वेगळं. आम्ही लोकांची नावं पेपरात आणतो."

आप्पांनी जरा विचार केला.

"मग सोपं झालं की गं. उताऱ्यावर थोरल्या भावानं त्याचं लावून घेतलंय. माझं तू पेपरात लाव."

*

काकतीजवळचे एक दूधवाले आमचे क्लायंट. त्यांच्यासाठी बसवराज अण्णांनी कन्नडमध्ये झकास स्लोगन केली: 'निम्म हालु, शुद्ध हालु'. कन्नडात निम्म म्हणजे तुमचं, आणि हालु म्हणजे दूध. तुमचं दूध, शुद्ध दूध. ऐकायला गोड, म्हणायला सोपी.

मालक इतके खूश झाले, की निपाणीला जाणाऱ्या गाडीवर त्यांनी तीच ओळ देवनागरीत रंगवून घेतली. आम्हाला न विचारता.

दोनच दिवसांत त्यांचा फोन आला. निपाणीत दारोदार बायका एकच प्रश्न विचारत होत्या.

"हालु म्हंजे दूध, ते ठावं हाय आम्हाला. पण निम्मंच का? उरलेलं निम्मं पाणी व्हय?"

शेवटी गाडीवरची ओळ पुसून तिथं नुसती म्हैस काढली. म्हशीचा अर्थ दोन्हीकडं एकच होतो.

*

साडीच्या एका दुकानाचं उद्घाटन झालं. फोटो तीन पेपरांत आला. मॅडम खूश, मी खूश. दहा वाजता दुकानाच्या मालकांचा फोन.

"फोटोत मी कुठाय?"

मी पेपर जवळ घेऊन बघितला. समई होती, पाहुणे होते, पाहुण्यांच्या मिसेस होत्या, रस्त्यावरनं जाणारा एक सायकलवालासुद्धा नीट दिसत होता. मालक समईच्या मागं गेले होते.

"सर, तुमचा हात दिसतोय. काडी धरलेला."

पलीकडनं फोन कट. मला वाटलं, गेला क्लायंट.

पुढच्या आठवड्यात बिल द्यायला गेले, तर गल्ल्याच्या मागं तोच फोटो मोठा करून, फ्रेम करून लावलेला. समईशेजारच्या हाताला लाल बाण, आणि बाणाच्या टोकाला मालकांचं पूर्ण नाव.

*

एका मंगल कार्यालयात लग्नाच्या जेवणावरनं भांडण झालं आणि त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. मालक घामाघूम होऊन आमच्याकडं आले. माणूस साधा, पण घाबरला की तोंडाला येईल ते बोलायचा. पत्रकार यायच्या आधी मॅडमनी त्यांना दम दिला, "काहीही विचारू देत, तुम्ही एकच वाक्य बोलायचं. 'आम्ही चौकशी करत आहोत.' एवढंच."

मालकांनी ते तासभर घोकलं. जिन्यात घोकलं, चहा पिताना घोकलं.

कॅमेरा सुरू झाला. पत्रकारानं माइक पुढं केला. "आधी तुमचं नाव सांगा."

"आम्ही चौकशी करत आहोत."

*

आणि आता दातांचे डॉक्टर.

हे आमचे सगळ्यात मोठे क्लायंट, आणि आधीच नाराज. निपाणीत नवीन दवाखाना काढत होते. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी प्रेस मीट होती. "या वेळी हॉल रिकामा दिसला तर मी दुसरी एजन्सी बघतो," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मॅडम मला म्हणाल्या, "निपाणी तुझी. तूच बघ."

मी सगळ्या पत्रकारांना फोन केले. सगळे येतो म्हणाले. आणि त्याच सकाळी गावात मंत्री आले. सगळे तिकडं गेले.

अकराला हॉलमध्ये मी, मॅडम, आणि रिकाम्या खुर्च्या. प्रत्येक खुर्चीवर पॅड आणि पेन. मॅडम सारख्या घड्याळ बघत होत्या, त्यानंच मला जास्त भीती वाटत होती. मी बाहेर जाऊन आईला फोन केला. रडूच आलं.

आईनं एवढंच विचारलं, "किती जणी पायजेत?"

डॉक्टर आले तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका इस्त्रीच्या साड्या नेसून, पॅड मांडीवर घेऊन बसलेल्या. डॉक्टर बेळगावचे, त्यांना काय कळणार. ते बोलले, मग सवयीनं म्हणाले, "काही प्रश्न?"

आईचा हात वर.

"दाढ ठेवायची का काढायची, हे तुम्ही ठरवणार का आम्हाला इचारणार?"

डॉक्टर दचकले, पण उत्तर दिलं. मग शेजारच्या शांता आक्का उठल्या. "मिसरीनं दात पडत्यात म्हणता. मग आमच्या ह्यांनी जन्मात मिसरी लावली न्हाय, त्यांचे का पडले?"

त्यानंतर प्रश्न थांबेचनात. डॉक्टर हसत होते, हातवारे करत होते, फळ्यावर दाढ काढून दाखवत होते. जाताना मॅडमना म्हणाले, "असे पत्रकार मला बेळगावात कधी भेटले नाहीत."

दुसऱ्या दिवशी पेपरांत पानभर मंत्री. दवाखान्याची एक ओळ नाही. मी आणि मॅडम मान खाली घालून उद्घाटनाला गेलो, तर रांग दारातनं निघून पार कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेलेली. रांगेत सगळ्यात पुढं आई आणि शांता आक्का.

डॉक्टर काखेत सगळे पेपर घेऊन बाहेर आले. रांगेकडं बघितलं, पेपरांकडं बघितलं, मग आईला ओळखलं आणि अदबीनं विचारलं, "ताई, बातमी तर कुठंच दिसली नाही. तुम्ही कुठल्या पेपरच्या?"

आईनं पदर सारखा केला.

"पेपरच्या न्हाय ओ डॉक्टर. आम्ही नळावरच्या."